विक्रीतून वगळलेला फर्मा

मित्रांनो, मी एक जुना लाकडी फर्मा आहे, आणि तोही एकाच पायाचा, उजव्या. फर्मा म्हणजे काय हे तुमच्यापैकी बहुतेकांना ठाऊक नसेल. त्यात तुमचा दोष नाही, तुमचे जोडे खोक्यातून येतात. पूर्वी जोडा बनवायचा तर आधी लाकडाचे पाऊल कोरावे लागे. त्या पावलावर ओले चामडे ताणून बसवायचे, खिळ्यांनी टाचून ठेवायचे आणि ते वाळले की खाली तळ शिवायचा. ते लाकडाचे पाऊल म्हणजे मी.

मी दिसायला चांगला नाही, हे आधीच सांगून टाकतो. दुकानातले बाकीचे फर्मे कसे सडपातळ आणि गुळगुळीत होते. माझा पंजा आत वळलेला, बोटांच्या जागी नुसता एक गोळा, आणि टाच एखाद्या लहान मुलाची असावी तेवढीच. वर ठिकठिकाणी चामड्याचे तुकडे चिकटवलेले. मला पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटते, कोरणाऱ्याचा हात चुकला. हात मुळीच चुकला नव्हता. ज्या पायावरून मला कोरले तो पाय असाच होता.

ज्यांनी मला कोरले त्यांना सगळा रस्ता दादा म्हणत असे. खरे तर ते एकाच मुलीचे दादा होते. ती त्यांच्याहून आठ वर्षांनी लहान. घरात तिला धाकटी म्हणत, आणि पुढे केस पांढरे झाले तरी ती धाकटीच राहिली. चार वर्षांची असताना तिला मोठा ताप आला. तो उतरला, पण जाताना उजवा पाय वाकडा करून गेला. पंजा आत वळला आणि पाय डाव्यापेक्षा तीन बोटे आखूड राहिला.

वडिलांचे जोड्यांचे दुकान होते. कारागीर म्हणून त्यांचे नाव होते, पण ते सरळ पायांचे कारागीर. मुलीच्या जोड्यात ते चिंध्या कोंबून देत आणि दुसरीकडे बघत. अकरा वर्षांची असताना धाकटी शाळेच्या पायऱ्यांवरून पडली आणि तिचे दोन दात तुटले. घरी येऊन म्हणाली, "नाहीतरी ते पडणारच होते." आई हसली. एकोणीस वर्षांचे दादा मात्र हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बादलीत प्लॅस्टर कालवले.

"पाय हलवू नकोस," दादा म्हणाले.

"गुदगुल्या होतात."

"होऊ देत. हललीस तर पुन्हा पहिल्यापासून."

ती हललीच. पहिला साचा फुकट गेला. दुसऱ्या वेळी तिने ओठ दाताखाली धरले, जे दात उरले होते त्यांच्या. त्या साच्यावरून, एका कठीण लाकडाच्या ठोकळ्यातून, अकरा दिवसांनी मी बाहेर आलो. वडिलांनी मला हातात घेतले.

"हा काय बटाटा कोरलायस?"

"धाकटीचा पाय आहे, बाबा."

वडिलांनी माझ्या पंजावरून, मग टाचेवरून बोट फिरवले.  मग फळीवर जपून ठेवलेले चांगले चामडे काढून दिले. बाकीच्या फर्म्यांवर आकडे होते. माझ्या माथ्यावर दादांनी तापलेल्या सळईने "धाकटी" असे लिहिले. माझ्यावर जोडा चढला, त्याच्या तळाला तीन बोटे जाड बुचाचा थर लागला, आणि धाकटी पहिल्यांदा सरळ उभी राहिली. ती दुकानाच्या दारापासून कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत गेली आणि परत आली. पुन्हा गेली, पुन्हा आली. जेवायला हाका मारून आईचा घसा बसला तरी तिचे येणे-जाणे चालूच होते. मी काउंटरवर पडून सगळे पाहत होतो. मला त्या दिवशी फार आनंद झाला. तेवढा पुन्हा कधी झाला नाही.

मग माझी कामाची वर्षे सुरू झाली. धाकटीने नोकरी धरली ती पाण्याचे मीटर वाचण्याची. जिला धड चालता येत नव्हते तिने कामच असे निवडले की दिवसभर घरोघर फिरावे. घरातल्या सगळ्यांनी कपाळाला हात लावला. ती मात्र वही काखेत मारून सकाळी निघायची ती संध्याकाळी यायची. दर दहा महिन्यांनी तिचा जोडा झिजून जायचा.

"जोडे घालतेस की खातेस?" दादा विचारायचे.

"रस्ते खातात, दादा. मी नुसती चालते."

ती वाढली तसा मीही वाढलो. लाकूड वाढत नाही, पण दादा माझ्यावर चामड्याचे पातळ तुकडे चिकटवून, तासून, मला तिच्या पायाएवढा करायचे. पंजा रुंदावला, एक तुकडा. अंगठ्याच्या मुळाशी हाड वाढले, आणखी एक. माझ्या अंगावर असे सतरा तुकडे आहेत. तिचे कोणते वर्ष पायाला कसे गेले ते मी अजून सांगू शकतो. तिचा डावा पाय साधा होता. तो जोडा फळीवरच्या कुठल्याही चार नंबरच्या फर्म्यावर व्हायचा. त्या चार नंबरवाल्याला त्याचा फार तोरा होता, पण ते असो.

धाकटीच्या टाचेच्या मागे कातडी नाजूक होती. शिवणीची गाठ तिथे घासायची. म्हणून दादांनी एक युक्ती काढली. टाचेमागे दोन ओळींची शिवण घालायची आणि शेवटचा टाका आत वळवून अस्तराखाली दडवायचा. ती युक्ती त्यांच्या हातात अशी बसली की पुढे ते प्रत्येकच जोड्याला तसे करू लागले. त्या जोड्यांची कीर्ती झाली. दवाखान्यातले डॉक्टर वाकड्या, आखूड, भाजलेल्या, अर्ध्या पायांची माणसे त्यांच्याकडे पाठवू लागले. भिंतीवर फर्म्यांची रांग लागली. हाताखाली एक कारागीर आला. त्याला सगळे बारक्या म्हणत, आणि तो दारातून आत शिरला की दार भरून जायचे. आमच्या भिंतीवर त्या काळी दोनशे दहा पाय होते. मी त्यांच्यात सर्वांत जुना, म्हणून मला वरच्या फळीवर मधोमध जागा होती. लोक मला बघून विचारायचे आणि दादा अभिमानाने सांगायचे. मित्रांनो, मलाही थोडा गर्व झाला होता, खोटे कशाला बोलू?

दादा चौसष्ट वर्षांचे झाले तेव्हा त्यांचे मनगट दुखू लागले. त्यांना मूलबाळ नव्हते. वहिनीच्या, म्हणजे दादांच्या बायकोच्या, कंबरेचे ऑपरेशन करायचे होते. वहिनी हे मी धाकटीचे ऐकून म्हणतो, मला दुसरे नाते माहीत नाही. त्याच सुमारास एका कंपनीने दुकान मागितले. तिची अकरा दुकाने होती, हे बारावे. कंपनीचा मॅनेजर सभ्य माणूस होता. आला तेव्हा त्याने हात जोडले, दादांचे काम उलटसुलट करून पाहिले आणि मनापासून तारीफ केली. तो वाईट होता असे मी कधीच म्हणणार नाही.

करारावर सही करायला दादा वकिलांच्या ऑफिसात गेले तेव्हा मला पिशवीत घालून घेऊन गेले. का, ते आता सांगतो. करार बावीस पानांचा होता. वकिलांनी चष्मा सारखा करत एकेक पान वाचून दाखवले. त्यात एक कलम होते. दुकान विकल्यावर सात वर्षे दादांनी या शहरात आणि आसपास जोडे बनवू नयेत, दुरुस्त करू नयेत, कुणाला ते काम शिकवू नये. असे कलम घालतात, मित्रांनो, आणि त्यात गैर काही नाही. दुकान विकून त्याच्या समोरच दुसरे दुकान थाटायचे आणि गिऱ्हाईक ओढून न्यायचे, हा दगाच झाला. दादांनाही ते पटले. त्यांनी मान हलवली.

शेवटच्या पानावर एक यादी होती. वर लिहिले होते, "विक्रीतून वगळलेल्या वस्तू".

"यात तुम्हाला स्वतःकडे ठेवायचंय ते लिहायचं," वकील म्हणाले. "नंतर मागितलं तर मिळणार नाही."

दादांनी तीन ओळी लिहिल्या. एक, वडिलांची चामडे टोचायची आरी. दोन, बसायचे स्टूल. तीन, उजव्या पायाचा फर्मा, एक. मग मला पिशवीतून काढून टेबलावर ठेवले, पुढे वाद नको म्हणून. मॅनेजरने मला पाहिले आणि तो हसला.

"घ्या की, दादा. एका फर्म्यानं आमचं काय अडतंय?"

"अजून काही वगळायचंय का?" वकिलांनी विचारले. "नीट आठवा."

दादांनी माझ्यावर हात ठेवला. "नाही. माझं सगळं आलं यात."

मित्रांनो, चूक झाली ती इथे. दुसरा कुठलाही माणूस ही चूक करणार नाही. कारकून करणार नाही, व्यापारी करणार नाही. ज्याने पंचेचाळीस वर्षे हाताने काम केले आहे तोच करील. दादांच्या मते फर्मा आणि जोडा या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्याच. फर्मा माझा, तर त्यावरचा जोडाही माझाच, यात लिहायचे काय? त्यांनी मला राखले आणि त्यांना वाटले, धाकटीचे चालणे राखले. वकिलांच्या मते त्यांनी दोन-अडीच किलो लाकूड-चामडे आणि लोखंड राखले होते. दोघांनीही सही केली.

दोन वर्षे काही कळलेच नाही. दुकान द्यायच्या आधी दादांनी धाकटीसाठी दोन जोड करून ठेवले होते. वहिनीचे ऑपरेशन झाले, ती हळूहळू हिंडू-फिरू लागली. मी स्वयंपाकघरातल्या कपाटावर बसून होतो. दुकानातल्या माझ्या सोबत्यांचे काय झाले ते बारक्या येऊन सांगायचा. तो नव्या मालकांकडेच कामाला राहिला होता. नवे मशीन पायाचे चित्र काढते आणि चित्र कॉम्प्युटरमध्ये ठेवते, म्हणून दोनशे नऊ फर्मे एका टेम्पोत घालून नेले. कुठे नेले, ते त्याने सांगितले नाही, आणि दादांनी विचारले नाही.

दुसरा जोड झिजला तेव्हा दादा मला पिशवीत घालून आपणहून दुकानात गेले. लपवायचे काही आहे हे त्यांच्या गावीही नव्हते. डाव्या पायाचा चार नंबरचा एखादा फर्मा शिल्लक असला तर दोन दिवस द्या, म्हणाले.

"कशाला हवाय?" मॅनेजरने विचारले.

"धाकटीचा जोडा करायचाय."

मॅनेजरने आधी दादांकडे पाहिले, मग कपाटातून करार काढला आणि बोट ठेवून वाचले. मोबदला घेऊन अथवा न घेता, प्रत्यक्ष अथवा अप्रत्यक्ष, कोणत्याही व्यक्तीसाठी.

"ती व्यक्ती कुठली? ती माझी बहीण आहे," दादा म्हणाले.

"बहीण पण व्यक्तीच, दादा."

"अहो, पण फर्मा मी ठेवलाय ना? यादीत आहे बघा, तिसरा."

"फर्मा तुमचाच आहे. तो घरी ठेवायला कुणाचीच ना नाही."

दादांनी पिशवीचे तोंड आवळले. मग म्हणाले, "बरं. मग तुम्ही करा तिचा जोडा. मी काय ते सांगतो. नाही, सांगता पण येणार नाही, नाही का? बारक्याला येतो. तो करील."

"असे जोडे आम्ही बंद केलेत," मॅनेजर खाली बघून म्हणाला. "एकेक पाय वेगळा, मशीनवर बसत नाही. परवडत नाही, दादा. तयार जोड्यात घालायची गादी देतो, चांगली आहे."

म्हणजे बघा मित्रांनो, जे काम ते स्वतः करत नव्हते, त्याच कामात दादांनी त्यांच्याशी स्पर्धा करू नये, असा तो बंदोबस्त होता. मॅनेजरला वाईट वाटले असावे. त्याने मोठ्या ऑफिसला पत्र लिहायचे कबूल केले, आणि लिहिलेही. दोन महिन्यांनी उत्तर आले. एकाला सूट दिली तर बाकीच्या अकरा दुकानांचे जुने मालकही मागतील, सबब देता येत नाही. या दोन महिन्यांत धाकटी तयार जोड्यात गादी घालून चालत होती. तिसऱ्या आठवड्यात तिच्या पायाला घट्टा पडला, आणि पाचव्या आठवड्यात त्याची जखम झाली. ती कुणाला बोलली नाही. वहिनीने तिचे मोजे धुवायला घेतले तेव्हा तिला ते दिसले.

दुसऱ्या दिवशी दादा त्याच दुकानातून एक तयार जोड विकत घेऊन आले. डावा तसाच ठेवला. उजव्याचे त्यांनी वरचे चामडे सोडवले, आणि मला कपाटावरून खाली घेतले.

ते काम चार दुपारी चालले. स्वयंपाकघराच्या खिडक्या लावून घेतल्या होत्या. वहिनी दाराशी भाजी निवडत बसायची आणि रेडिओ मोठ्याने लावून ठेवायची, म्हणजे हातोडीचा आवाज बाहेर जाऊ नये. दादांनी आपला हात लपवायचा आटोकाट प्रयत्न केला. कारखान्याचेच चामडे वापरले, कारखान्यासारखाच तळ चिकटवला, बुचाच्या थराला बाहेरून काळा रंग दिला. आयुष्यात प्रथमच ते आपले काम दुसऱ्याचे वाटावे म्हणून धडपडत होते. त्यांच्या कपाळावर घाम होता. मला त्यांची लाज वाटली नाही, पण त्यांना स्वतःची वाटत होती, आणि ते मला सहन झाले नाही. टाचेपाशी आल्यावर त्यांनी हात थांबवला. तिथे जखम होती. तिथे गाठ ठेवणे त्यांना जमेना. त्यांनी दोन ओळींची शिवण घातली आणि शेवटचा टाका आत वळवला.

"हा जोडा मीटर वाचायला जाताना घालू नकोस," त्यांनी धाकटीला बजावले. "निदान दुकानाच्या गल्लीत तरी नको. त्यांचा मीटर वाचायच्या दिवशी जुना घाल."

"घालीन की. मी काय लहान आहे?"

नऊ दिवस ती तो जोडा घालून हिंडली. जखमेवर खपली धरली. दहाव्या दिवशी दुकानाच्या मीटरची पाळी होती, आणि धाकटी जोडा बदलायला विसरली. दुखत होते तोपर्यंत तिला रोज सकाळी पाय आठवायचा. दुखायचे थांबले आणि ती पाय विसरून गेली. दुकानाच्या मागच्या बाजूला, जमिनीलगत, मीटर होता. ती गुडघ्यावर बसून आकडे उतरवू लागली, तेव्हा तिची टाच मागे वळलेली होती. मागच्या दारात बारक्या चहा पीत उभा होता.

"ताई!" तो ओरडलाच. पुढचे धाकटीनेच नंतर आम्हाला सांगितले. बारक्याच्या हातातला चहा हिंदकळला, डोळ्यांत पाणी आले. "हा दादांचा हात. जग इकडचं तिकडं झालं तरी मी ओळखेन. काय टाका आहे बघा, साहेब, या, बघा तरी. मशीनच्या बापाला येईल का असा?"

साहेब आले आणि त्यांनी पाहिले. मित्रांनो, माझ्या आयुष्यात मी खूप स्तुती ऐकली, पण इतकी खरी आणि इतकी महागात पडलेली दुसरी नाही.

आठवड्याच्या आत नोटीस आली. बनवलेला जोडा कंपनीच्या स्वाधीन करावा, पुन्हा असे करणार नाही असे लिहून द्यावे, नाहीतर विक्रीची सगळी रक्कम परत मागितली जाईल. ती रक्कम वहिनीच्या कंबरेत गेली होती. वकील म्हणाले, देऊन टाका, कलम पक्के आहे. दादा लढू म्हणाले. धाकटीने त्यांना पुढे बोलू दिले नाही. तिने जोडा काढला, त्याची धूळ पुसली, कागदात गुंडाळला आणि वहिनीच्या सपाता घालून स्वतः दुकानात नेऊन दिला. नोटिशीत माझा उल्लेख नव्हता. मी यादीत होतो ना, मला कुणी हात लावू शकत नव्हते.

बारक्याने नोकरी सोडली. आमच्या उंबऱ्यावर येऊन बसला आणि एवढा थोरला माणूस रडू लागला.

"तू खोटं काय बोललास?" दादा त्याला म्हणाले. "ओळखलंस ते बरंच केलंस. कुणी ओळखलंच नसतं तर मला जास्त वाईट वाटलं असतं." ते खरे बोलत होते की त्याची समजूत घालत होते, हे मला अजून ठरवता आलेले नाही. नोकरीच्या कागदात त्याच्याकडूनही तसेच कलम लिहून घेतले होते, म्हणून पुढे बारक्या दुसऱ्या गावी फर्निचरच्या कारखान्यात गेला.

त्यानंतर सांगण्यासारखे थोडे आहे. जखम चिघळली. धाकटीला आधी ऑफिसात बसवले, मग मुदतीआधीच घरी पाठवले. घरच्यांनी तिला दुसऱ्या शहरात, दूरच्या कारागिराकडे नेले. त्याने बिचाऱ्याने, जुना फर्मा नको म्हणत, स्वतः माप घेऊन प्रयत्न केला, पण प्रवासानेच तिचा पाय सुजायचा आणि माप चुकायचे. ती काठी घेऊन चालू लागली, मग भिंत धरून. मग खिडकीजवळच्या खुर्चीत बसून रस्त्यावरून चालणाऱ्यांचे जोडे बघू लागली. "हा डावीकडे झिजवतो," असे म्हणायची. तिचे बरोबर असायचे.

पाचव्या वर्षी ती कंपनी दुसऱ्या, आणखी मोठ्या कंपनीने विकत घेतली. आमचे दुकान तोट्यात म्हणून बंद झाले. तिथे आता मोबाइल विकतात. दादा धावतपळत वकिलांकडे गेले. दुकानच राहिले नाही, आता कशाचे कलम?

"कलमाला दुकान लागत नाही, दादा," वकील म्हणाले. "हक्क नव्या कंपनीकडे गेले. त्यांना लिहून बघा."

दादांनी तीन पत्रे लिहिली. एकाचे उत्तर आले, आपले पत्र संबंधित विभागाकडे पाठवले आहे. आता रागवायला समोर मॅनेजरही उरला नव्हता.

आणि मग एका सकाळी सात वर्षे संपली. दादा एकाहत्तर वर्षांचे होते. त्यांनी दाढी केली, धुतलेला शर्ट घातला आणि मला कपाटावरून उतरवले. चामडे आधीच आणून ठेवले होते, वडिलांनी एकेकाळी दिले होते तसे, चांगल्यातले. खिडक्या सताड उघडल्या. जो जोडा ते पूर्वी चार दिवसांत करत त्याला चार महिने लागले. हात थरथरायचे. एकदा आरी माझ्यात घुसली, एकदा त्यांच्या अंगठ्यात. पण टाके नीट पडले नाहीत की ते उसवून पुन्हा घालायचे.

"एकदा तिचं माप घ्या ना," वहिनी म्हणायची.

"माप आहे माझ्याकडे," असे म्हणून ते माझ्यावर थाप मारायचे.

धाकटी त्याच घरात, पलीकडच्या खोलीत बसलेली होती. मधे फक्त एक दार होते. तरी चार महिन्यांत त्यांनी एकदाही तिच्या पायावरची चादर बाजूला केली नाही. मला वाटते, ते विसरले नव्हते. त्यांना बघायचे नव्हते.

जोडा झाला. फक्त शेवटचे काम उरले, फर्मा आतून ओढून काढायचे. ते तिच्यासमोर करावे म्हणून दादा जोडा माझ्यासकट घेऊन तिच्या खोलीत गेले, खाली बसले आणि त्यांनी चादर सारली. दोन वर्षे त्या पायाने जमीन पाहिली नव्हती. तो सुजून दुप्पट झाला होता. पंजा पार आत, पोटरीकडे वळला होता. जखमेची जागा काळी पडून ताणली गेली होती. दादांनी जोडा त्याच्या शेजारी धरला. मग खाली ठेवला. मीही पाहिले, मित्रांनो. तो पाय माझ्या ओळखीचा नव्हता.

 धाकटीने हात पुढे केला, जोडा उचलून मांडीवर घेतला आणि टाचेच्या शिवणीवर अंगठा फिरवला.

"छान झालाय रे, दादा."

"फर्मा काढायचा राहिलाय आतला," दादा कसेबसे म्हणाले.

"राहू दे. काढलास तर जोड्याचा आकार मोडेल. आत पाय नाही ना जायचा."

मित्रांनो, मोठेपणी तुमच्यासमोर कधी असा कागद आला आणि कुणी विचारले की काय वगळायचे आहे, तर वस्तू आठवू नका. वस्तू आपण होऊन आठवतात. तुमचे हात ज्याच्यासाठी चालतात त्याच्याजवळ आधी जाऊन बसा. त्याला काय लागते ते विचारा आणि त्याचे नाव कागदात लिहून घ्या, मग सही करा. कुणी हसले तर हसू द्या. हे मी अगदी कळकळीने सांगतो आहे. दादांना किंवा धाकटीला आता याचा काही उपयोग नाही, हे मला माहीत आहे. तुम्हाला तरी होईल की नाही, याची खात्री मला नाही. दादांनाही वकिलांनी दोनदा विचारले होते, आणि दादा नीट ऐकत होते.

जोडा आता तिच्या खिडकीत असतो. दादा रोज सकाळी येतात, त्यावरची धूळ फडक्याने पुसतात आणि तिच्याशेजारी बसून चहा घेतात. आत अंधार आहे. चामड्याचा वास अजून नवा आहे. मला बाहेर काढायला कुणी आलेले नाही.